विश्लेषण : इंजिन हवेने थंड करायचे की पाण्याने? या वादात सोइचिरो होंडा स्वतःच्याच कंपनीत का हरले?

मे महिन्यात लातूर-नांदेडचा पारा चाळिशीपार गेला, तरी रस्त्यावरच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकली धावतच असतात. त्यांच्या इंजिनाला रेडिएटर नसतो, पाण्याची टाकी नसते. सिलिंडरभोवतीच्या पातळ फिन्स आणि समोरून येणारा वारा, एवढ्यावर काम भागते. हे तंत्र जगभरातल्या गरिबांच्या दुचाकीपर्यंत नेणाऱ्यांत जपानच्या सोइचिरो होंडा यांचे नाव अग्रणी आहे. मात्र हवेवरच्या याच विश्वासाने त्यांना कारच्या धंद्यात मोठ्या संकटात टाकले. हा माणूस कोण होता, त्याचा हट्ट काय होता आणि तो का सोडावा लागला, याचा हा आढावा.

सोइचिरो होंडा कोण होते?

होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहार होते, सायकली दुरुस्तही करत. आई मिका विणकाम करत असे. भात्याजवळ वाढलेल्या या मुलाला पुस्तकापेक्षा यंत्राची ओढ जास्त. गावात पहिल्यांदा मोटार आली, तेव्हा तिच्या मागे धावत जाऊन जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास घेतल्याची आठवण ते म्हातारपणीही सांगत.

१९२२मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ते टोकियोतल्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये कामाला लागले. सुरुवातीला हाती पाना नाही, झाडू आला. मालकाचे मूल सांभाळण्याचे कामही करावे लागले. पण सहा वर्षांत त्यांनी मालकाचा एवढा विश्वास कमावला, की १९२८मध्ये हामामात्सुला त्याच गॅरेजची शाखा उघडण्याची परवानगी मिळाली. त्यांना शर्यतींचाही नाद होता. १९३६मध्ये तामागावा येथील शर्यतीत त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. ते स्वतः आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ असे दोघेही जखमी झाले.

पिस्टन रिंगने काय शिकवले?

दुरुस्तीत भविष्य नाही, काहीतरी बनवले पाहिजे, असे ठरवून त्यांनी पिस्टन रिंग करायला घेतली. दिसायला साधी कडी, पण ती इंजिनातली उष्णता आणि घर्षण सोसते. त्यांच्या रिंगा मात्र टिकत नव्हत्या. टोयोटाला दाखवलेल्या ५० नमुन्यांपैकी फक्त ३ पास झाले.

गडबड कारागिरीत नव्हती, धातूत होती. हे कळल्यावर तिशी ओलांडलेले होंडा हामामात्सुच्या तंत्रशाळेत पोरांबरोबर बसून धातुशास्त्र शिकू लागले. परीक्षा दिल्या नाहीत, त्यामुळे पदविका मिळाली नाही. पण कोणता धातू किती ताण आणि किती उष्णता सोसतो, हे ज्ञान आयुष्यभर पुरले. युद्धात बॉम्बहल्ले झाले, जानेवारी १९४५च्या भूकंपात कारखाना कोसळला. उरलेला धंदा त्यांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकला.

सायकलला इंजिन कसे लागले?

युद्धानंतर जपानमध्ये पेट्रोलची टंचाई होती, आगगाड्या खच्चून भरत. होंडा यांच्या हाती लष्कराच्या वायरलेस यंत्रांसाठी बनवलेली छोटी इंजिने लागली. १९४६मध्ये त्यांनी ती सायकलला बसवली. पेट्रोलची टाकी म्हणून सुरुवातीला अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली वापरली. ही इंजिने संपल्यावर स्वतःचे इंजिन बनवले आणि २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी उभी राहिली.

पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. होंडा यांनी यंत्र पाहायचे आणि फुजिसावांनी पैसा व विक्री, अशी वाटणी झाली. १९५२मध्ये फुजिसावांनी देशभरातल्या ५० हजारांहून अधिक सायकल दुकानांना पत्रे पाठवून विक्रीचे जाळे उभे केले. १९५८मध्ये आलेल्या सुपर कबचे ४९ सीसीचे इंजिन हवेनेच थंड होत असे. २०१७पर्यंत कब मालिकेच्या १० कोटी गाड्या तयार झाल्या.

एका स्क्रूची गोष्ट काय आहे?

१९५४मध्ये होंडा युरोपचे कारखाने आणि आइल ऑफ मॅन बेटावरची शर्यत पाहायला गेले. तिथल्या गाड्या आपल्या कितीतरी पुढे आहेत, हे पाहून ते हादरले. परतताना त्यांच्या सामानात गाड्यांचे सुटे भाग होते. अधिक चिन्हाच्या खाचेचा, आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो तो स्क्रूही त्यांनी या दौऱ्यातून आणला आणि जपानी कारखान्यांत त्याचा प्रसार केला, असे सांगितले जाते.

त्यात विशेष काय? एका सरळ खाचेच्या स्क्रूवरून पेचकस घसरतो, म्हणून तो हाताने सावकाश आवळावा लागतो. अधिक चिन्हाच्या खाचेत पेचकस आपोआप मधोमध बसतो, त्यामुळे यंत्राने झटपट आवळता येतो. एका गाडीत असे अनेक स्क्रू असतील, तर वाचलेले सेकंद दिवसाअखेर तास होतात. १९५९मध्ये होंडाच्या संघाने आइल ऑफ मॅनला पहिल्यांदा भाग घेतला आणि १९६१मध्ये १२५ व २५० सीसी या दोन्ही गटांत विजय मिळवला.

हवेचा आग्रह का होता?

इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा लहान भाग चाकापर्यंत जातो. बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर काढली नाही, तर तेल पातळ होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. हवेच्या पद्धतीत सिलिंडरच्या फिन्स वाऱ्याला जास्त पृष्ठभाग देतात. पाण्याच्या पद्धतीत सिलिंडरभोवती फिरणारे पाणी उष्णता उचलते आणि रेडिएटरमध्ये जाऊन ती हवेलाच देते.

होंडा यांचा युक्तिवाद इथेच होता. शेवटी उष्णता हवेतच जाणार असेल, तर मध्ये पाण्याचा दलाल कशाला? पंप नको, नळ्या नकोत, गळती नको. मोटारसायकलपुरते हे अगदी खरे होते. इंजिन छोटे, उघडे आणि वाऱ्याच्या तोंडावर असते. कारचे इंजिन मात्र मोठे आणि बॉनेटखाली झाकलेले असते.

१९६८ आणि १९६९मध्ये काय घडले?

होंडा यांनी फॉर्म्युला वनसाठी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची आरए३०२ ही कार बनवून घेतली. संघाचा मुख्य चालक जॉन सर्टिस याने ती तयार नसल्याचे सांगत चालवण्यास नकार दिला. तरीही ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधील रुआँच्या शर्यतीत ती उतरवण्यात आली. चालक होता ४० वर्षांचा जो श्लेसर. ओल्या रस्त्यावर कार घसरून बांधावर आदळली, पेट्रोल आणि मॅग्नेशियमची बॉडी पेटली आणि श्लेसरचा मृत्यू झाला. त्याच शर्यतीत पाण्याने थंड होणारी जुनी कार घेऊन सर्टिस दुसरा आला. वर्षअखेरीस होंडाने फॉर्म्युला वन सोडले.

हट्ट मात्र सुटला नाही. १९६९मध्ये होंडा १३०० ही कार हवेच्या इंजिनासह बाजारात आली. सिलिंडरच्या दुहेरी भिंतींमधून पंख्याने हवा खेळवण्याची रचना हुशारीची होती. पण साधेपणासाठी निवडलेली हवा इथे जड, महाग आणि गुंतागुंतीची ठरली. कार फारशी खपली नाही.

मग माघार कशी घेतली?

तादाशी कुमे यांच्यासारख्या तरुण अभियंत्यांचे म्हणणे होते, की धुराचे नियम कडक होत आहेत आणि त्यासाठी सिलिंडरचे तापमान स्थिर हवे. पाणी ते स्थिर ठेवते. हवेच्या इंजिनात ते वेग, ऊन आणि वाऱ्याप्रमाणे वरखाली होते. पण संस्थापकासमोर बोलणार कोण? शेवटी मुले फुजिसावांकडे गेली.

फुजिसावांनी होंडा यांना एकच प्रश्न विचारला : तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचे आहे की अभियंता म्हणून? होंडा यांनी अध्यक्षपद निवडले. याचा अर्थ अभियंत्यांना पाण्यावर काम करू देणे, हे त्यांना कळले होते आणि तशी परवानगी त्यांनी दिली. १९७०च्या अमेरिकी कायद्याने कारच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले होते. होंडाच्या पाण्याने थंड होणाऱ्या सीव्हीसीसी इंजिनाने १९७२मध्ये ही कसोटी पार केली. तेच कुमे पुढे कंपनीचे तिसरे अध्यक्ष झाले.

लातूर-नांदेडच्या गाडीचा याच्याशी संबंध काय?

१९८४मध्ये हिरो होंडा कंपनी स्थापन झाली आणि १९८५मध्ये सीडी १०० ही मोटारसायकल आली. तिचे चार स्ट्रोकचे, हवेने थंड होणारे इंजिन त्याच विचारातले होते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या शहरात, पाणी न मागणारे इंजिन लोकांना जवळचे वाटले, तर नवल नाही.

पण हवेलाही मर्यादा आहेत. फिन्सचे तापमान १५० अंश धरले, तर २५ अंशांच्या हवेत फरक १२५ अंशांचा असतो. हवा ४३ अंशांवर गेली, की तो १०७ उरतो, म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचा वेग सुमारे सातव्या भागाने घटतो. म्हणून उन्हाळ्यात या गोष्टी पाळाव्यात :

• फिन्समध्ये अडकलेला काळ्या मातीचा चिखल इंजिन गार झाल्यावर काढावा. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये.
• गाडी उभी असताना वारा नसतो, त्यामुळे लांब सिग्नलला इंजिन बंद करावे.
• तेलही इंजिन थंड करते. पातळी तपासावी, तेल वेळेवर बदलावे.
• रेडिएटर असलेल्या गाडीत बोअरचे जड पाणी घालू नये. क्षार आत साचतात. कंपनीने सांगितलेले तयार कूलंटच वापरावे. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये.

बोल्ट बदलताना काय पाहावे?

होंडा यांनी पिस्टन रिंगवर जे शिकले, तेच इथेही लागू आहे. माप जुळले म्हणजे वस्तू जुळली असे नाही.

• आटे : १० मिमीच्या बोल्टचे आटे दुकानात बहुधा १.५ मिमी अंतराचे मिळतात, जपानी घराण्याच्या गाड्यांत ते अनेकदा १.२५ असतात. हाताने दोन-तीन फेरे सहज गेले नाहीत, तर पाना लावू नये.
• डोके : या गाड्यांत ६ मिमीच्या बोल्टला अनेकदा ८ नंबरचा पाना लागतो, बाजारातल्या बोल्टला १०चा. पान्याच्या नंबरावरून बोल्ट मागू नये, जुना बोल्ट सोबत न्यावा.
• लांबी : बंद भोकात लांब बोल्ट तळाला टेकतो आणि केसिंग तडकते. आखूड बोल्टने ॲल्युमिनियमचे आटे उपटतात.
• ताकद : डोक्यावरचा ८.८ हा आकडा म्हणजे दर चौरस मिमीला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसणारे पोलाद. ४.८चा बोल्ट दिसायला तसाच, पण ताकद जवळपास निम्मी. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही, पण नेहमीचा ए२-७० दर्जा ८.८हून कमकुवत आहे. ब्रेक आणि इंजिनाच्या माउंटिंगला तो परस्पर लावू नये.
• आवळणे : ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून इंजिन गार असतानाच आवळावे. कव्हरच्या ६ मिमी बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ४ किलोचा जोर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.
• स्टार स्क्रू : जुन्या जपानी गाड्यांची खाच नेहमीच्या पेचकसाला थोडी वेगळी असते. जपानी मापाचा पेचकस घेतला, तर डोके झिजत नाही.

शेवट कसा झाला?

सीव्हीसीसीच्या यशाने अमेरिकेच्या बड्या कंपन्यांना मागे टाकता येईल, असे होंडा म्हणाले, तेव्हा तरुण अभियंत्यांनी त्यांना टोकले. आम्ही हे स्पर्धेसाठी नाही, समाजासाठी करतो आहोत, असा त्यांचा सूर होता. आपण मागे पडलो, हे होंडा यांनी ओळखले. ऑक्टोबर १९७३मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, ते आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले.

त्यानंतर त्यांनी जपानभर फिरून कंपनीच्या कारखान्यांत आणि दुकानांत कामगारांशी हस्तांदोलन केले. हात तेलकट आहे म्हणून मागे घेणाऱ्या कामगाराचाही हात त्यांनी धरला. तेलाचा तो वास त्यांना लहानपणापासून प्रिय होता. ५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. मोटारी बनवणाऱ्याच्या अंत्ययात्रेने रस्ते अडू नयेत, ही त्यांची इच्छा होती. म्हणून कंपनीने मोठा अंत्यविधी केला नाही.