तबल्याच्या शाईचं कोडं

तबल्याच्या पुडीवर काळी शाई कशासाठी असते? सी. व्ही. रामन यांनी हे कोडं सोडवलं. जन्म १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. १९०७ साली वीणा वाजवणाऱ्या लोकसुंदरींशी लग्न झालं आणि कलकत्त्यात सरकारी हिशेबखात्यात नोकरी लागली. ऑफिस सुटलं की हे प्रयोगशाळेत! पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनं पाहिली. साध्या ढोलात न सापडणारा सूर तबल्यात शाईच्या वजनामुळे येतो, हे १९२० साली मांडलं. पुढे प्रकाशावरच्या संशोधनाला १९३० चं नोबेल मिळालं. १९७० साली ते गेले. आज वाद्याला हातही न लावता लेसर किरणांनी कंपनं मोजतात. पण शाईचे थर घोटणाऱ्या कारागिराला हे आधीच उमगलं होतं. त्याला अडाणी कसं म्हणायचं?