सालिम अलींची बंदूक आणि आपलं गिम्बल हेड
नांदेडच्या विष्णुपुरीला पक्षी टिपताना मला सालिम अली आठवतात. जन्म १८९६, मुंबई. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी कोणती, हे शोधता शोधता ते पक्ष्यांत रमले. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातले पक्षी नोंदले; नांदेड, लातूर तेव्हा त्याच संस्थानात. खात्रीसाठी तेव्हा पक्षी मारून नमुना ठेवत. १९८७ मध्ये ते गेले. आज तो पुरावा फोटो देतो. पण लेन्स हलली, की फोटो वाया. म्हणून जड टेलिफोटोला मी गिम्बल हेडच सुचवतो. मोबाइलच्या गिम्बलसारखी यात मोटर नसते, सगळा खेळ तोलाचा. कॅमेरा-लेन्सच्या एकूण वजनापेक्षा जास्त क्षमतेचं घ्या. लेन्स प्लेटवर पुढेमागे सरकवून बघा. हात सोडला तरी जागेवर राहिली, की जमलं!