भिकाऱ्यांचे वाद्य शाळेत नेणारा संगीतकार

चीनमध्ये अर्हू शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला कधी ना कधी 'ल्यांगश्याओ' ही छोटीशी रचना येतेच. १९२८ साली चिनी नववर्षाच्या पूर्वसंध्येला, घरी जमलेल्या विद्यार्थ्यांच्या सहवासात ती सुचली. तिचे रचनाकार ल्यू तिआनहुआ अवघे ३७ वर्षे जगले. पण तेवढ्या काळात त्यांनी एका उपेक्षित वाद्याचे नशीब पालटले.

ल्यू यांचा जन्म १८९५ मध्ये च्यांग्सू प्रांतातील च्यांगयिन येथे झाला. थोरले बंधू ल्यू बान्नोंग पुढे कवी व भाषातज्ज्ञ म्हणून गाजले. तिआनहुआंचा ओढा मात्र संगीताकडे होता आणि त्याची सुरुवात झाली ती शाळेतील बँडच्या पाश्चात्त्य वाद्यांपासून. १९११ च्या क्रांतीत शाळा बंद पडली. शांघायमधील नाटक मंडळीत काही काळ काढून ते गावी परतले. १९१५ मध्ये वडील गेले, नोकरी नव्हती, प्रकृतीही ढासळलेली. त्या दिवसांत त्यांना अर्हूची सोबत मिळाली. 'बिंगझोंगयिन' या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या रचनेचे मूळ याच काळात आहे.

अर्हूला तारा दोनच आणि गजाचे केस त्या दोहोंमधून ओवलेले. त्यामुळे गज वाद्यापासून वेगळा काढताच येत नाही. खालच्या लहानशा पेटीवर अजगराचे कातडे ताणलेले असते. बोटे दाबायला खाली पट्टी नाही; आपल्या सारंगीप्रमाणेच स्वराची जागा कानानेच शोधावी लागते. इतके अवघड वाद्य असूनही नाटकाची साथ आणि रस्त्यावरची भीक याखेरीज त्याला त्या काळी फारसे स्थान नव्हते. ते वर्गात शिकवावे, ही कल्पनाच विचित्र वाटावी अशी होती.

ल्यू यांनी नेमके तेच केले. चांगचौच्या माध्यमिक शाळेत संगीतशिक्षक असताना त्यांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभारला. चौ शाओमेई यांच्याकडे स्वतः अर्हूचे धडे घेतले. १९२२ मध्ये पेकिंग विद्यापीठात ते पिपा शिकवू लागले, पुढे अर्हूही. याच शहरात त्यांनी एका रशियन शिक्षकाकडे व्हायोलिन आत्मसात केले आणि त्यातील बोटांच्या व गजाच्या युक्त्या अर्हूवर आणल्या. हे पाश्चात्त्यीकरण झाले, असा आक्षेप घेणारे आजही आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु टप्प्याटप्प्याने शिकता येईल अशी पद्धत त्यातूनच घडली, हेही नाकारता येत नाही. अर्हूसाठी त्यांनी १० रचना केल्या आणि नवशिक्यांसाठी ४७ स्वराभ्यास लिहिले. रचनांचे कौतुक पुष्कळ होते, पण खरे काम त्या कोरड्या स्वराभ्यासांनी केले.

१९२७ मध्ये सरकारने विद्यापीठाची संगीतसंस्था बंद केली. त्याच वर्षी ल्यू यांनी राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठी मंडळ स्थापले व नियतकालिक चालविले. १९३० च्या अमेरिका दौऱ्यासाठी अभिनेते मेई लानफांग यांच्या गीतांची स्वरलिपीही त्यांनीच तयार केली.

१९३२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते पेकिंगच्या त्यान्छ्याओ भागात, रस्त्यावरच्या कलावंतांकडून झांजा-ढोलांचे बोल टिपून घेण्यासाठी गेले. तेथे त्यांना लोहितज्वराची लागण झाली आणि ८ जून रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात इंग्रजीचे अध्यापन करणारे धाकटे बंधू ल्यू बेइमाओ अर्हूकडे वळले. पुढे त्यांनी तेच वाद्य शिकविण्यात आयुष्य घालविले.