१२ रुपयांचा सुतार, ७४ तोफांचं जहाज

एकबुर्जीच्या काठावर उभं राहिलात, की कधी ना कधी मनात येतंच. आपली स्वतःची एक छोटी नाव असती तर? शीड उभारायचं, वारा भरला की निघायचं. विकत नाही आणायची, घरच्या अंगणात, आपल्या हातानं बनवायची. हे मित्रांना सांगा, पहिला टोमणा ठरलेला: वाशिमात कुठला आला समुद्र? खरंय. समुद्र बघायचा तर ट्रॅव्हल्समध्ये रात्र काढावी लागते. पण दुसरा प्रश्न जास्त टोचतो, आणि तो आपणच आपल्याला विचारतो. ज्यानं आजवर साधं स्टूल बनवलं नाही, त्याला नाव जमेल का?

या प्रश्नाचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत एका पोराच्या हाती वाकस देऊन दिलं गेलं. त्या पोराचं नाव जमशेटजी बमनजी वाडिया.

वाडिया म्हटलं की तुम्हाला उद्योगपती आठवतील. मूळ घराणं मात्र सुतारांचं, जहाजं बांधणाऱ्या पारशी कारागिरांचं. जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६ मध्ये दहा सुतार सोबत घेऊन सुरतेहून मुंबईत आले, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत कामाला. पुढे ते तिथले मुख्य जहाजबांधणी कारागीर झाले. पाणी उपसून जहाज कोरड्यावर घेता येईल अशी गोदी मुंबईत १७५० मध्ये बांधली गेली, तीही त्यांच्याच काळात.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा मुख्य म्हटल्यावर नातवाला काय, आयती खुर्ची! इथंच तर गंमत आहे. १७७१ च्या सुमारास लवजींचे दोन नातू, जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी, गोदीत लागले ते साधे सुतार म्हणून. पगार महिन्याला १२ रुपये. इतर सुतार जे करायचे तेच यांनाही: लाकूड तासायचं, करवत ओढायची, भोकं पाडायची, फळ्या बसवायच्या.

घराण्याच्या नावानं गोदीचं दार उघडलं असेल, पण वाकस काही नाव बघून चालत नाही. लाकडाचा दाणा कुठल्या दिशेनं जातो, फळी किती वाकवली तर तडकेल, कुठली गाठ पुढं जाऊन दगा देईल, हे सांगून कळत नाही. आपल्याकडचा वाढईसुद्धा हेच सांगेल. हाताला कळेपर्यंत हात चालवावा लागतो. जमशेटजींनी तो चालवला, आणि एक-दोन नाही, वीसेक वर्षं. १७९० मध्ये वडील बमनजी वारले, १७९२ मध्ये काका माणेकजी. मग गोदीची जबाबदारी या दोघा भावांवर आली.

परीक्षा

तेव्हा युरोपात युद्धं चालली होती. ब्रिटिश आरमाराला जहाजांवर जहाजं हवी होती आणि इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई होती. मुंबईला मलबारचं सागवान मिळत होतं. सागाच्या लाकडात अंगचं तेल असतं, म्हणून ते पाण्यात लवकर कुजत नाही. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागात तो त्रास कमी. शिवाय इथले कारागीर फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवून ठेवत नसत. कडांना खाचा पाडून एकीत दुसरी घट्ट बसवत, म्हणजे सांध्यातून पाणी शिरायला वाव कमी.

म्हणून १८०२ मध्ये आरमाराच्या मुख्य कार्यालयानं ठरवलं, की आपली लढाऊ जहाजं मुंबईतही बांधायची. पण सोबत बेत होता इंग्लंडहून एक गोरा जहाजबांधणी तज्ज्ञ पाठवण्याचा. हिंदुस्थानी माणूस व्यापारी जहाजं बांधतो, ठीक आहे, पण राजाच्या आरमाराचं जहाज त्याच्या भरवशावर कसं सोडायचं?

विचार करा. तीस वर्षं ज्या गोदीत घाम गाळला, तिथंच आता तुमच्या डोक्यावर कुणी तरी आणून बसवणार. जमशेटजींच्या बाजूनं बोललं ते त्यांचं आधीचं काम. त्यांच्या हातची जहाजं समुद्रावर फिरत होती आणि त्यांची कीर्ती लंडनपर्यंत पोचली होती. तज्ज्ञ पाठवायचा बेत रद्द झाला. मुख्य कारागीर जमशेटजीच राहिले.

१८०४ मध्ये फ्रामजी गेले. ज्याच्यासोबत १२ रुपयांपासून सुरुवात केली तो भाऊ नाही, आणि खरी परीक्षा तर पुढंच होती. १८०५ मध्ये त्यांनी आरमारासाठी एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचं वेगवान लढाऊ जहाज, पाण्यात सोडलं. मग १९ जून १८१० ला 'मिंडेन' उतरलं. ७४ तोफांचं. मुंबईत बांधलेलं आरमाराचं एवढं मोठं हे पहिलंच जहाज. १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' झालं. चीन आणि ब्रिटन यांच्यातला नानकिंगचा तह १८४२ मध्ये याच जहाजावर झाला.

लंडनला जमशेटजींचं एक चित्र जपून ठेवलंय. पारशी पोशाख, सोबत जहाजाचा नकाशा आणि चांदीची मोजपट्टी. अशी पट्टी कंपनीनं त्यांना सन्मान म्हणून दिली होती. सुताराला याहून चांगलं बक्षीस कुठलं?

अजून तरंगतंय

त्यांच्या हातचं एक जहाज आजही पाण्यावर आहे, आणि त्याची सुरुवातच अडचणीतून झाली. 'त्रिंकोमाली' या फ्रिगेटचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजावर निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकी जहाजाशी झालेल्या लढाईत 'जावा' संपलं, सोबत नकाशेही गेले. ते पुन्हा मागवावे लागले. शेवटी १२ ऑक्टोबर १८१७ ला 'त्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरलं. पुढं १८९७ मध्ये ते भंगारात निघालं होतं. एका माणसानं विकत घेऊन वाचवलं, आणि १९०३ ते १९८६ पर्यंत त्यावर तरुण मुलामुलींना समुद्रावरचं काम शिकवलं गेलं. आता ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं आहे. ब्रिटिश आरमाराची जी युद्धनौका आजही पाण्यावर तरंगतेय, त्यात सगळ्यात जुनी हीच. दोनशे वर्षांहून जास्त झाली, मलबारचा साग अजून टिकून आहे.

३१ ऑगस्ट १८२१ ला जमशेटजी वारले. त्या वेळी गोदीत 'गँजेस' हे ८४ तोफांचं जहाज उभं होतं. नोव्हेंबरमध्ये ते पाण्यात उतरलं तेव्हा जबाबदारी त्यांचे चिरंजीव नवरोजी यांच्याकडे आली होती. कामही वारशानं मिळतं, पण ते हाताला शिकवलेलं असेल तरच.

आता परत तुमच्या अंगणात येऊ. तुमच्यामागं लवजी आजोबा नाहीत, हे मान्य. पण गल्लीत कुठं तरी सुताराचं दुकान असेलच. सुट्टीत महिनाभर तिथं जा, रंधा मारायला शिका, पटाशीला धार लावायला शिका. मग लगेच फळ्या आणायला धावू नका. आधी पुठ्ठ्याचा एक दशांश मापाचा नमुना करा. आठ फुटी नाव असेल तर तो साधारण साडेनऊ इंचांचा होईल. कणा कुठं, फासळ्या किती अंतरावर, डोलकाठी कुठं उभी राहील, सगळं त्यात दिसेल. चुकलं तर दहा रुपयांचा पुठ्ठा जाईल. सपाट तळाची साधी नाव निवडा, पहिल्या खेपेला तीच झेपते. आणि ती तयार झाली तरी घरच्यांना सांगून, परवानगी असेल तिथंच, अंगात लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात जा.

पहिली फळी वाकडी बसेल. बसू द्या. काढा, परत तासा. मुंबईच्या गोदीत १२ रुपयांवर लागलेल्या त्या पोरालाही पहिल्याच दिवशी जहाज कुणी दिलं नव्हतं. वाकस दिली होती.