मागे उभ्या राहणाऱ्यांचा शाहीर

चारोटी नाक्यावर एसटीतून उतरले की एका बाजूला अहमदाबादकडे सुसाट धावणारे कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला डहाणूकडे, जव्हारकडे फुटणारे रस्ते दिसतात. मोर्चाच्या दिवशी मात्र या नाक्याचे रूप पालटते. पाड्यापाड्यांवरून आलेले आदिवासी स्त्री-पुरुष रांगा धरून चालू लागतात. पुढची एखादी बाई गाण्याची ओळ देते आणि मागचे पन्नास-साठ गळे ती ओळ उचलून धरतात. माइक नसतो, पेटी-तबला नसतो. गाणे कोणाचे असे विचारले तर ते आपलेच आहे एवढेच उत्तर मिळते. या भागात तारपा वाजू लागला की अख्खा पाडा एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरतो. एकाने सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी तो चालवायचा, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

ही गोष्ट ज्याने शहरातल्या कामगाराला आणि गावाकडच्या शेतमजुराला शिकवली, त्या शाहीर अमर शेख यांची आज आठवण करायची आहे. १ ऑगस्टला आपण अण्णाभाऊ साठे यांची जयंती वाजतगाजत करतो, ते योग्यच आहे. परंतु अण्णाभाऊंचे शब्द ज्या गळ्यातून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेले, त्या गळ्याच्या वाट्याला आपण काय दिले? २९ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन किती वस्त्यांमध्ये पाळला जातो?

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई मुनेरबी. तिच्या तोंडची लोकगीते, जात्यावरच्या ओव्या हेच त्यांचे पहिले संगीत विद्यालय. धर्म इस्लाम, भाषा मराठी आणि गाणे जात्यावरचे. ज्यांना महाराष्ट्रातला मुसलमान परका वाटतो, त्यांनी या माउलीच्या घराकडे एकदा पाहावे. मराठी संस्कृती कोणत्या जात्यावर दळली गेली, हे त्यांना कळेल.

गरिबीमुळे शिक्षण लांबवर गेले नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत राबले. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात ते पुढे होते. त्याबद्दल विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तिथेच त्यांची गाठ कम्युनिस्ट विचारांशी पडली. सरकारने तुरुंगात टाकले ते तोंड बंद करण्यासाठी, पण बाहेर आला तो आयुष्यभर न थांबणारा आवाज! पुढे पोटासाठी कोल्हापूर गाठले. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम केले. त्या कोल्हापूरच्या दिवसांतच मेहबूब पटेल हे नाव मागे पडले आणि अमर शेख हे नाव रूढ झाले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक वाटेगावचा मातंग, एक बार्शीचा मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकर. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. युरोपात फॅसिझमविरुद्ध युद्ध चालू होते. मुंबईचा गिरणी कामगार महागाईने आणि काळ्या बाजाराने पिचला होता. या सगळ्याचे गाणे कलापथकाने केले. बंगालची हाक, स्टालिनग्राडचा लढा, अमळनेरच्या कामगारांवर झालेला गोळीबार हे विषय वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या माणसापर्यंत पोवाड्यातून पोहोचले. परळ-लालबागच्या चाळी, माटुंग्याचा लेबर कॅम्प, कामगार मैदान ही या कलापथकाची नाट्यगृहे होती.

इथे कलापथकाची रीत नीट समजून घेतली पाहिजे. पोवाड्यात शाहीर पुढे डफ घेऊन उभा असतो आणि मागे झीलकरी असतात. तुणतुणे, झांज, ढोलकी त्यांच्या हाती. शाहिराने चौक संपवला की झीलकरी झील धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढचा प्रसंग मनात जुळवतो. म्हणजे मागचे गळे थांबले तर पुढचा शाहीरही थांबतो. दरबारी पोवाड्यात हे झीलकरी म्हणजे नुसते होकार देणारे. स्तुती राजाची, बिदागी शाहिराची आणि मागचे अनामिक. कलापथकाने हे नाते बदलले. मागे उभा असलेला साथीदार हा ज्याच्यावर पोवाडा रचला त्या जनतेचाच माणूस होता. झील ही त्याच्या दुःखाची आणि त्याच्या रागाची झाली. एकदा धृपद कानात बसले की मैदानातला श्रोताही झीलकरी होत असे. रंगमंच कुठे संपतो आणि लोक कुठे सुरू होतात, ते कळेनासे होई. हजारोंच्या सभेला एका सुरात आणणारा हा माणूस हातात काठी घेऊन उभा नव्हता, त्याच्या हातात डफ होता.

अर्थात ही वाट कलापथकाने शून्यातून काढली नव्हती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशातली गवळण बाजूला ठेवून भटशाहीचा आणि सावकारशाहीचा समाचार घेतला. पुढे १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. बाबासाहेबांचा विचार ज्या वस्तीत वर्तमानपत्र जात नव्हते तिथे जलसा गेला. तेव्हा लाल बावटा कलापथकाचे मूळ शोधायचे तर ते या जलशांपर्यंत जाते. हे ऋण लाल झेंडेवाल्यांनी मोकळेपणाने सांगितले पाहिजे, आणि त्या मुळातून आलेली फांदी आपलीच आहे हे आपणही ओळखले पाहिजे.

त्याच वर्षांत इकडे डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत काय चालले होते? वारली माणूस वेठबिगारीत गाडला गेला होता. लग्नासाठी चार पैसे उसने घेतले की नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे लग्नगडी होत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला इथले वारली गेले आणि परत आले ते वेगळी माणसे होऊन. मे महिन्यात झरी गावी सभा झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हा लढा पेटला. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. गवत कापणीची मजुरी वाढवून मागणे हा त्यांचा गुन्हा! मुंबईच्या मैदानात ज्या झेंड्याखाली अमर शेख गात होते, त्याच झेंड्याखाली ही माणसे उभी होती. कामगाराला गाणे आणि आदिवासीला निर्भयपणा एकाच दशकात मिळाला, हा योगायोग नव्हे. माणूस एकटा असतो तोवर भितो. शेजारच्याचा आवाज आपल्या आवाजात मिसळला की भीती जाते.

सत्तेला हे बरोबर कळते. स्वातंत्र्य आले, पण मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही गदा आली. ज्या राज्यात देवळातले कीर्तन चालते, रेडिओवरचे भावगीत चालते, तिथे कामगाराचा पोवाडा मात्र चालत नाही. का? कारण भावगीत माणूस एकटा ऐकतो आणि पोवाडा शंभर माणसे मिळून म्हणतात. कलापथकाने हार मानली नाही. तमाशाचे लोकनाट्य झाले, गणाची आणि वगाची मांडणी बदलली, पण गाणे बंद पडले नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. १९५६ साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेकाप होता आणि आपला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होता. लाल आणि निळा एका व्यासपीठावर आले. त्या सभांमध्ये नेत्यांच्या भाषणाआधी शाहिरांचे गाणे असे. अण्णाभाऊंची माझी मैना ही छक्कड अमर शेख यांनी गाइली आणि गावाकडे बायको ठेवून मुंबईत राबणाऱ्या प्रत्येक कामगाराला ती स्वतःची वाटली. गोवा मुक्तीच्या लढ्यातही त्यांचा डफ वाजत राहिला. १ मे १९६० रोजी राज्य झाले. मंगल कलश आणणाऱ्यांची नावे पाठ्यपुस्तकात गेली. ज्यांनी लाखांच्या सभा जागत्या ठेवल्या, ते शाहीर मात्र तळटीपेत राहिले. बहुजनांच्या वाट्याला इतिहासात हे नेहमीचेच आहे.

अमर शेख नुसते गाणारे नव्हते. कलश हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ मध्ये आणि धरतीमाता १९६३ मध्ये आला. पहिला बळी हे नाटक त्यांनी लिहिले. आचार्य अत्रे यांनी त्यांना रशियाच्या मायकोव्हस्कीच्या पंक्तीला बसवले. प्रपंच या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. अत्र्यांच्या महात्मा फुले या चित्रपटातही ते दिसले. याच चित्रपटाच्या मुहूर्ताला १९५४ साली स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा या कम्युनिस्ट मुसलमान शाहिराने गावोगाव कार्यक्रम करून संरक्षण निधी गोळा केला. देशभक्तीचे प्रमाणपत्र वाटत फिरणाऱ्यांनी हे विसरू नये.

काही वाचक विचारतील, हा लाल झेंड्याचा शाहीर, आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे मतभेद खरे होते, खोल होते. जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात टाकून मोकळे होणाऱ्या पुढाऱ्यांनी आपल्या चळवळीचे नुकसानही केले. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु पक्षाचा हिशेब वेगळा आणि माणसाचा हिशेब वेगळा. महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत राबलेले आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, म्हणून त्यांचे महाडचे काम पुसले जाते काय? मातंगाच्या लेखणीला आपला गळा देणारा, तिच्यापुढे आपले मोठेपण न मिरवणारा हा शाहीर होता. दुसऱ्याचा शब्द स्वतःच्या गाण्याइतक्याच जिवाने गाणे याला मोठे मन लागते.

नियतीही कशी! १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. त्यानंतर अवघ्या ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघे ५२. शब्द आणि सूर एकाच पावसाळ्यात महाराष्ट्राने गमावले.

तीनच वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचा एक संस्थापक नामदेव ढसाळ पुढे अमर शेख यांचा जावई झाला. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख यांनी कवयित्री म्हणून आणि आपले जगणे निर्भीडपणे लिहिणारी बाई म्हणून मराठीत स्वतःचे स्थान निर्माण केले. शाहिराला हे पाहायला मिळाले नाही. पण कामगार मैदानातला लाल आवाज आणि कामाठीपुऱ्यातली निळी कविता एका घरात भेटली, ही गोष्ट आपल्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी आहे.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाने अध्यासन आहे. चांगले आहे. परंतु शाहिराचे खरे स्मारक विद्यापीठात नसते, वस्तीत असते. आज आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत काय होते? ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर असतात. त्यांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, मग सोबत गाणे तर दूरच. गाणे भीमाचेच असते, पण म्हणतो कोण? यंत्र म्हणते, आपण नाचतो. जलशाच्या काळात आपला माणूस गात होता, आता तो नुसता ऐकतो. ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी आपली चळवळ मुकी होईल काय, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

चारोटीच्या नाक्यावरची ती बाई ओळ देते आणि मागचे पन्नास गळे उचलतात. तिचा आवाज बसला तर दुसरी पुढे येते, गाणे थांबत नाही. एका गळ्यावर अवलंबून असलेले गाणे त्या गळ्याबरोबर मरते. मागच्यांनी उचललेले गाणे मरत नाही. मेहबूब पटेलने अमर हे नाव घेतले त्याचा अर्थ हाच असावा. येत्या २९ ऑगस्टला प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत स्पीकर तासभर बंद ठेवा. एक डफ आणा, दहा पोरे-पोरी मागे उभी करा आणि मोकळ्या गळ्याने गा. शाहीर अमर शेख यांना तेच खरे अभिवादन होईल.