सहा माणसांची छोटी मोटार

थोरांची चरित्रे वाचताना आपण बहुधा संत, सेनापती, पुढारी आणि कवी यांच्याकडे वळतो. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मला मात्र एका इटालियन अभियंत्याचे चरित्र अधिक जवळचे वाटते. त्यांचे नाव दान्ते जाकोसा. हे नाव आपल्याकडे अपरिचित असले, तरी त्यांचे काम अपरिचित नाही. त्यांच्या देखरेखीखाली तयार होऊन १९५३ साली बाजारात आलेली फियाट ११०० पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. तीच आपली प्रीमिअर पद्मिनी. या घराण्याच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी मुंबईकरांची दोन-तीन पिढ्या सेवा केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी रस्त्याचा निरोप घेतला.

जाकोसांचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी रोम येथे झाला. १९२७ साली तुरीनच्या तंत्रविद्यापीठाची पदवी घेऊन ते थोड्याच काळात फियाट उद्योगसमूहात दाखल झाले. १९३४ साली, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी ५६९ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे नेऊन ठेवले, म्हणजे बसणाऱ्यांच्या पायांना जागा झाली. १९३६ सालची ही गाडी लोकांनी लाडाने 'तोपोलिनो', म्हणजे 'छोटा उंदीर', या नावाने ओळखली. गाडी दोघांची, पण लेकुरवाळी कुटुंबे मुलांना मागच्या सामानाच्या जागेत कोंबून प्रवास करीत. माझ्या मते जाकोसांचे पुढचे सारे आयुष्य म्हणजे या मागे कोंबलेल्या मुलांना नीट जागा करून देण्याची धडपड होय.

महायुद्धात तुरीनवर बाँब पडले, कारखान्यांची हानी झाली. युद्धानंतर स्कूटरवर संसार वाहणारा इटालियन कामगार मोटारीचे स्वप्न पाहू लागला. त्याच्यासाठी १९५५ साली फियाट ६०० आली. लांबी सुमारे ३.२ मीटर, इंजिन ६३३ घनसेंटिमीटरचे, आणि तेही मागे. त्यामुळे चौघे बसू लागले. परंतु नवीच अडचण उभी राहिली. मोठे कुटुंब किंवा छोटा व्यापारी यांना मागे जागा हवी, आणि मागे तर इंजिन! मग जागा काढायची कोठून?

जाकोसांनी चालकालाच पुढे सरकवले आणि थेट पुढच्या चाकांवर बसवले. १९५६ साली आलेल्या या 'मुल्तिप्ला'ची लांबी मूळ गाडीपेक्षा जेमतेम एक फूट जास्त, पण तीन रांगांत सहा माणसे बसत. मागच्या आसनांच्या घड्या घातल्या की सामानासाठी सपाट जागा मिळे. इटलीच्या शहरांत तिच्या हिरव्या-काळ्या टॅक्सी धावू लागल्या. वेग बेताचाच, ताशी ९० किलोमीटरच्या आसपास.

या सोयीची किंमतही सांगितली पाहिजे. चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नव्हते. समोरून टक्कर झाली तर आघात झेलणार कोण? आजच्या सुरक्षेच्या कसोट्यांना ही मांडणी उतरणार नाही. माणसांना जागा मिळाली, संरक्षण मात्र मिळाले नाही.

इंजिन आडवे ठेवून पुढचीच चाके फिरवावीत, म्हणजे सबंध मागचा भाग माणसांसाठी मोकळा होईल, हा विचार जाकोसांच्या मनात फार वर्षे होता. कंपनीचे वरिष्ठ त्याला धजत नव्हते. अखेर १९६४ साली आउतोबियांकी या छोट्या संलग्न कंपनीच्या 'प्रिमुला' गाडीवर तो प्रयोग झाला. इंजिनाच्या एका टोकाला गिअरबॉक्स जोडलेला, आणि दोन चाकांकडे जाणारे दांडे असमान लांबीचे. तो यशस्वी ठरल्यावर १९६९ साली खुद्द फियाटची १२८ याच पद्धतीने निघाली.

१९७० साली ते निवृत्त झाले आणि ३१ मार्च १९९६ रोजी तुरीन येथे निधन पावले. आज जगातील बहुतेक छोट्या मोटारींत हीच मांडणी दिसते. भारतात २०१२ साली आलेली सात आसनांची मारुती एर्टिगाही तिला अपवाद नाही.

आराखडा काढताना आपण विद्यार्थी प्रथम इंजिनाची शक्ती पाहतो. यात बसणार कोण, त्यांची मुले किती, आणि अपघातात त्यांचे काय होणार, हे प्रश्न आपण शेवटी विचारतो. जाकोसांनी पहिले दोन प्रश्न आधी विचारले. तिसराही आधी विचारणे, हे काम आपल्या पिढीचे आहे.