इब्न अल-बैतार : वनस्पती आणि ऊन यांचे नाते टिपून ठेवणारा हकीम



मुलाच्या किंवा मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला की घरात काय घडते, हे आपणांस ठाऊक आहे. आईची झोप उडते. मुलगी असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा शिवला जातो, आणि शाळेत तिच्या शेजारी बसायला कोणी तयार होत नाही. वास्तविक कोड स्पर्शाने पसरत नाही आणि महारोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी नाहीशा होतात, एवढेच. या दुखण्यावरील एक उपाय सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी ज्याने काळजीपूर्वक लिहून ठेवला, त्या थोर पुरुषाची ओळख आज आपण करून घेऊ या.

त्याचे नाव झियाउद्दीन इब्न अल-बैतार. बैतार म्हणजे जनावरांचा वैद्य. त्याचा जन्म सुमारे 1197 साली स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मालागा परिसरात झाला. तो भाग त्या काळी अंदलुस म्हणून ओळखला जाई. सेव्हिल शहरात अबुल अब्बास अन-नबाती या वनस्पतिशास्त्रज्ञाजवळ तो शिकला. या गुरूची शिकवण्याची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. तो शिष्यांना घेऊन शहराबाहेर जाई आणि झाडपाला गोळा करी. पुस्तकातले वर्णन हातातल्या पानाशी जुळते की नाही, हे प्रत्यक्ष पाहण्याची सवय इब्न अल-बैतारला तेथेच लागली.

सुमारे 1219 साली त्याने मायभूमी सोडली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने मजल दरमजल करीत तो पूर्वेकडे निघाला. वाटेत वनस्पती पाहायच्या, त्यांची स्थानिक नावे विचारायची आणि लोक त्यांचा काय उपयोग करतात ते टिपून घ्यायचे, हाच त्याचा उद्योग होता. पुढे तो इजिप्तला पोहोचला. सुलतान अल-कामिल याने त्याला वनौषधी जाणणाऱ्यांचा प्रमुख नेमले. सुलतानाबरोबर तो दमास्कसलाही गेला आणि सीरियाच्या डोंगरदऱ्या त्याने पायाखाली घातल्या.

दमास्कसमध्ये त्याला इब्न अबी उसैबिआ हा शिष्य मिळाला. हाच पुढे हकीमांची चरित्रे लिहून प्रसिद्ध झाला. गुरूबरोबर रानात फिरताना त्याला एका गोष्टीचे नवल वाटे. एखाद्या औषधीविषयी बोलताना इब्न अल-बैतार नुसते मत देत नसे. ती औषधी ग्रीक ग्रंथकारांच्या कोणत्या ग्रंथात, कितव्या भागात आणि कितव्या क्रमांकावर आली आहे, हेही तो सांगे. मुलांनो, ही केवळ स्मरणशक्ती नव्हे. आपण जे सांगतो ते ऐकणाऱ्याला पडताळून पाहता यावे, असा प्रामाणिकपणा तिच्यामागे होता.

त्याचा मोठा ग्रंथ म्हणजे साध्या औषधी व खाद्यपदार्थ यांचा संग्रह. त्यात सुमारे 1400 पदार्थांची माहिती वर्णानुक्रमे दिलेली आहे. जुन्यांच्या चुका त्याने दाखवून दिल्या, पण ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचे नाव मात्र गाळले नाही. नकलनवीसाच्या हातून चूक होऊन रुग्णाच्या पोटात भलतेच औषध जाऊ नये, म्हणून नावांचे उच्चारही त्याने स्पष्ट करून ठेवले. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे!

याच ग्रंथात आतरिलाल या वनस्पतीची नोंद आहे. ही कोथिंबीर, शेपू आणि ओवा यांच्या कुळातली. तिला छत्रीसारखे पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. हे नाव बर्बर भाषेतले असून त्याचा अर्थ पक्ष्याचा पाय असा आहे. उत्तर आफ्रिकेतील एका बर्बर जमातीला या झाडाच्या बियांचा गुण ठाऊक होता आणि तिने तो पिढ्यान्‌पिढ्या गुप्त राखला होता. इब्न अल-बैतारने त्या जमातीला श्रेय देऊन तो उपाय लिहून ठेवला. बियांची पूड मधातून घ्यायची आणि नंतर कोडाचे डाग उघडे ठेवून कडक उन्हात बसायचे. डागांवर फोड येतात, ते बरे होतात आणि पुढे त्वचेला रंग येऊ लागतो. औषधाला उन्हाची जोड हवी, हे या नोंदीतले खरे मर्म आहे.

असे का होते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. 1947 साली इजिप्शियन रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून मेथॉक्सीसोरालेन हे द्रव्य वेगळे काढले आणि 1948 साली कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम अल-मोफ्ती यांनी कोडावरील उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. आपल्या देशात कोडावर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांतही याच जातीचे द्रव्य असते. सोरालेन हे नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरूनच आले आहे.

आता त्याचे कार्य पाहा. आपल्या पेशीत डीएनएची दुहेरी साखळी असते. सोरालेनचा चपटा रेणू त्या साखळीच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसतो. अंधारात तो जवळजवळ निरुपद्रवी असतो. परंतु उन्हातील अतिनील किरण पडताच तो दोन्ही बाजूंना घट्ट जोडला जातो. अडकलेली चेन जशी उघडत नाही, तशी ती साखळी मग उलगडत नाही. पेशीला आपली प्रत काढता येत नाही आणि नुकसान दुरुस्त होण्यापलीकडे गेले की पेशी स्वतःच आपला शेवट करते. ज्या विकारात पेशी बेसुमार वाढतात, तेथे हा शेवटच हितकारक ठरतो. सोरायसिससाठी या उपचाराचा यशस्वी वापर 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 1987 साली त्वचेतील एका प्रकारच्या कर्करोगावर याचाच प्रयोग जाहीर झाला. त्यात रुग्णाचे रक्त बाहेर काढून त्यातील पांढऱ्या पेशींना औषध व किरण देतात आणि मग त्या परत शरीरात सोडतात. कोडामध्ये मात्र याच उपचाराने केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी जाग्या होऊन वर सरकतात. आज कोडासाठी डॉक्टर बहुधा औषधाविना विशिष्ट किरणांचाच वापर करतात.

पालकांना येथे एक कळकळीची विनंती आहे. हे वाचून कोणीही घरी बावचीचा लेप लावून मुलाला उन्हात बसवू नये. जे द्रव्य रोगट पेशी मारते, ते चांगली कातडीही भाजते. मात्रा चुकली तर खोल जखमा होतात आणि असे उपचार फार काळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे, आणि लपवाछपवीत वर्षे न घालवता लवकर जावे.

इब्न अल-बैतार 1248 साली दमास्कस येथे अल्लाहला प्यारा झाला. ज्ञान कोठल्याही जमातीकडे असो, ते नम्रपणे विचारून घ्यावे, पडताळावे, देणाऱ्याचे नाव सांगावे आणि सर्वांसाठी खुले करावे, हा त्याच्या आयुष्याचा धडा आहे. एका टोळीने दडवलेले ज्ञान त्याने लिहून ठेवले, म्हणून ते जगाच्या उपयोगी पडले.

मित्रहो, तुमच्या वर्गात अंगावर पांढरे डाग असलेली एखादी मुलगी किंवा मुलगा असेल, तर उद्या त्याच्या बाकावर जाऊन बसा. डबा एकत्र खा. एवढ्यासाठी हकीम व्हावे लागत नाही. अल्लाह आमच्या मुलांना इल्म देवो आणि त्या इल्मासोबत माणुसकीही देवो. आमीन!